दिवंगत पत्नीकडे राहायला जाण्याचा अर्ज

परवानेमामांच्या खोलीत शिरलेल्या माणसाचे आयुष्य त्याच्या फाइलच्या जाडीवरून जोखले जाई. खोली एका इस्त्रीवाल्याच्या दुकानावर होती. त्यामुळे तिथल्या प्रत्येक कागदाला गरम कापडाचा वास होता, आणि परदेशी नातेवाइकांकडे कायमचे राहायला निघालेली माणसे त्या वासात बसून आपापल्या नात्यांचे पुरावे चाळत असत. कुणी मुलाकडे निघालेले, कुणी नवऱ्याकडे. बायकोकडे निघालेला नवरा मामांच्या टेबलापुढे क्वचितच येई. म्हणून समोर अंग चोरून बसलेल्या या तरुणाकडे ते थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा संशयाने पाहत होते.

लग्नाचा दाखला ठीक होता. बायकोच्या नोकरीचे पत्र, तिच्या भाड्याच्या घराचा करार, दोघांचे फोटो, सगळे जिथल्या तिथे होते. मामा मान डोलावत पाने उलटत गेले आणि शेवटच्या जुडग्याशी येऊन अडले. ‘पती-पत्नींमधील नियमित संपर्काचा पुरावा’ असे त्यावर लिहिले होते. फोनवरचे निरोप छापून काढलेले ते कागद. मामांनी त्यांतले एक पान मोठ्याने वाचले.

“‘पोचलीस?’ ‘हो.’ ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘पाणी आलं?’ ‘आलं.’ ‘बरं.’ ‘बरं.’” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “राजे, हे नवरा-बायकोचं बोलणं आहे की पाळी बदलणाऱ्या दोन वॉचमनचं?”

तरुणाचे कान लाल झाले. आम्ही फोनवर बोलतोसुद्धा, असे त्याने चाचरत सांगितले. काय बोलता, असे मामांनी विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिले आणि म्हटले, ती बोलते, मी ऐकतो.

मामांनी मग त्याला जगाची रीत समजावून दिली. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच बायको परदेशी गेलेली, आणि नवरा इथे. असे लग्न कागदापुरते तर नाही ना, ही शंका तिकडच्या कचेरीला पहिल्यांदा येते. नकार आला, की पुन्हा अर्ज करायला मोठा काळ थांबावे लागते, आणि तिथल्या नोकरीचा करार सोडून ती परत येऊ शकत नाही. म्हणजे ती तिथे, हा इथे, आणि मधे समुद्र.

“खोटं एक अक्षर लिहू नका,” मामा म्हणाले. “मनात आहे तेच लिहा. पण लिहा. आणि कशासाठी लिहिताय ते तिला सांगू नका. नाहीतर तीही फाइलसाठी लिहायला लागेल, आणि दोन शहाण्यांचा पत्रव्यवहार साहेबाला लगेच ओळखू येतो.”

मनात आहे तेच लिहायचे, एवढेच काम होते. इस्त्रीवाल्याच्या दुकानाचा जिना उतरताना त्याला जाणवले, की आपल्याला नेमके तेवढेच कधी जमलेले नाही.

गंमत अशी, की तो पोटापाण्यासाठी लिहीतच असे. वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात त्याची खिडकी होती, आणि त्या खिडकीशी दुःखी माणसे येत. दिवंगतांचे फोटो घेऊन येत. काचेपलीकडून म्हणत, काहीतरी चांगलं लिहा हो. आणि तो लिही. आईसाठी वेगळे, वडिलांसाठी वेगळे, अकस्मात गेलेल्यांसाठी वेगळे, दीर्घ आजाराने सुटलेल्यांसाठी वेगळे. मायेचे छत्र, न भरून येणारी पोकळी, आठवणींचा दरवळ ही सगळी शब्दसंपत्ती त्याच्या टेबलाच्या खणात रबरी शिक्क्यांसारखी हाताशी असे. लोक वाचून डोळे पुसत आणि बाहेर पडत. विभागाच्या साहेबांनी त्याचे नाव ‘शोकमहर्षी’ ठेवले होते. हे नाव त्याच्या पाठीमागे घेतले जाई आणि तोंडावरही. त्याला वाईट वाटत नसे. मेलेल्या माणसांविषयी त्याला एक आपुलकी होती. ती मधेच बोलत नसत, ‘म्हणजे काय?’ असे विचारत नसत, आणि त्यांच्याकडे बघून बोलावे लागत नसे.

बायकोची गोष्ट अगदी उलटी होती. ती दात बनवणारी होती. दंतवैद्यांनी घेतलेल्या जबड्यांच्या ठशांवरून ती कवळ्या आणि सुटे दात घडवी. एकेका दाताला रंगाची छटा देताना ओठ मुडपून बसे, आणि ते काम संपले की तोंड उघडे ते दुसरे काम येईपर्यंत मिटत नसे. तिच्या बोलण्याच्या सावलीत तो सुखाने बसून असे. ती गेल्यावर खोलीतले बोलणेच गेले. मागे उरल्या त्या त्याच्या मनातल्या गोष्टी, ज्या पूर्वीही तो बोलत नसे, पण तेव्हा त्या न बोलण्याला सोबत होती.

दुपारी खिडकीशी गर्दी नव्हती. त्याने फोन हातात घेतला. ‘प्रिय’ लिहिले आणि लाजून खोडले. पुष्कळ वेळ तो रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिला. मग काय झाले ते त्यालाही कळले नाही. बोटांना सवयीची वाट सापडली, आणि बघता बघता मजकूर तयार झाला:

‘तुझ्या जाण्याने घरात निर्माण झालेली पोकळी कशानेही भरून येणार नाही. तुझा मनमिळाऊ व हसतमुख स्वभाव सदैव आमच्या स्मरणात राहील. तुझ्या आठवणींचा दरवळ हीच आता आमची सोबत.’

त्याने दोनदा वाचले. सगळे खरे होते, एक अक्षर खोटे नव्हते. त्याने ते पाठवून दिले आणि कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी तो घरी पोचून बूट काढतो आहे तोच खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी झारा हातात घेऊन वर आल्या. मोठ्या भावाची ही बायको स्वभावाने प्रेमळ आणि आवाजाने खणखणीत होती.

“भाऊजी, कोण गेलं?”

कुणी नाही, तो म्हणाला.

“मग तुमच्या बायकोला कसला मेसेज गेलाय? कामावरून मला फोन केला तिनं. विचारत होती, घरात नक्की कोण गेलं. आणि ती स्वतःच गेली असेल, तर निदान तिला तरी आधी कळवायचं होतं.”

सहज लिहिले होते, असे तो पुटपुटला. वहिनींनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवरची झाकणे उचलून पाहिली, भाऊजी नीट जेवतात याची खात्री करून घेतली, आणि कुठल्याही बाटलीचा वास आला नाही याचे समाधान मानून त्या खाली गेल्या. जिन्यातून त्यांचा फोनवरचा आवाज बराच वेळ येत राहिला. “नाही गं, तसं काही नाही. नेहमीसारखेच दिसतायत. उदास, पण ते नेहमीचंच.”

बायकोचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. त्याने खिडकीमागे बसून तो वाचला आणि काउंटरवरच्या माणसाला चुकून हसून नमस्कार केला.

‘कै. पत्नीकडून सप्रेम नमस्कार. स्वर्गात सुखरूप पोचले. इथे अप्सरांचे दात फारच खराब निघाले, त्यामुळे कामाला तोटा नाही. बाकी सर्व ठीक. मागे राहिलेल्यांनी शोक आवरावा आणि भाजी पुरवून खावी.’

मग ती एक वेगळीच रीत सुरू झाली. तो खालून आठवणी पाठवी, ती वरून हकीकत कळवी. स्वर्गातला यमदूत म्हणजे तिथल्या बसचा ड्रायव्हर. तो वेळेचा इतका पक्का, की धावत येणाऱ्या जिवाकडे ढुंकूनही पाहत नाही. काल एका देवाला कवळी बसवून दिली. त्याने आशीर्वादासाठी तोंड उघडले आणि कवळी हातात आली. स्वर्गात थंडी फार, पण हवा स्वच्छ आहे, शेजारचे देव सज्जन आहेत, मजेत आहे मी.

त्याच्या बाजूनेही काहीतरी सैल होत गेले. सुरुवातीचे शिक्क्यांचे शब्द हळूहळू मागे पडले आणि त्यांच्या आडोशाला बसलेली खरी वाक्ये एकेक करून बाहेर यायला लागली. ‘तुझ्या बाजूच्या खुंटीवर मी अजून काही अडकवत नाही. ती रिकामी खुंटी हेच घरातलं सर्वांत भरलेलं ठिकाण आहे.’ दुसऱ्या दिवशी, ‘चहा अजून दोघांपुरता होतो. दुसरा कप मी लगेच पीत नाही, थोडा वेळ समोर ठेवतो.’ समोर बसलेल्या बाईला हे सांगायचे त्याचे धाडस कधी झाले नसते. पण दिवंगतांशी कसे बोलावे हे त्याला ठाऊक होते. ती हयात नाही असे एकदा धरले, की तिच्यावर किती प्रेम आहे हे लिहिताना लाजण्याचे कारण उरत नव्हते.

पाने पुरेशी झाली तेव्हा त्याने ती छापली आणि स्वतःही पुन्हा न वाचता पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाकले. मामांनी पाकिटाची जाडी बोटांत धरून पाहिली, समाधानाने हुंकार दिला, पाकीट तसेच फाइलला जोडले आणि अर्ज रवाना केला. दोघांमध्ये चाललेली चेष्टा तिसऱ्या माणसाला चेष्टा म्हणून कळायला ती सुरुवातीपासून ठाऊक असावी लागते, हे त्याला सुचलेच नाही.

कचेरीचे उत्तर आले. मामांनी ते वाचून खिडकी उघडली, पाणी प्यायले आणि मग त्याच्या हातात दिले. दोन गोष्टींची मागणी होती. पहिली, अर्जदाराची पत्नी हयात असल्याचा अधिकृत दाखला सादर करावा. दुसरी, दिवंगत व्यक्तीशी चालू असलेल्या नियमित संपर्काबाबत अर्जदाराने मुलाखतीस समक्ष उपस्थित राहून खुलासा करावा.

“तुम्ही वाचलं नव्हतं?” त्याने विचारले.

“दुसऱ्यानं चिकटवलेलं पाकीट उघडायचं नाही, असं आमच्या घरचं वळण,” मामा खिन्नपणे म्हणाले.

“वळण चांगलं आहे.”

“चांगलं आहे हो. पण धंद्याला मारक आहे.”

आता तिला सगळे सांगणे भाग होते. त्याने फोन केला. तिने पत्रातला मजकूर दोनदा वाचायला लावला आणि इतकी हसली, की तिच्या मागे कुणीतरी काय झाले म्हणून विचारायला आले. स्वर्गातल्या कचेरीत जाऊन हयातीचा दाखला मागते, म्हणाली. आणि मग, हसू ओसरता ओसरता, तिला काहीतरी उमगले.

“थांब. म्हणजे ते सगळं तू फाइलसाठी लिहीत होतास?”

नाही, असे चटकन म्हणायला हवे होते. पण पहिला मजकूर फाइलसाठीच लिहिलेला होता, आणि पुढचे लिहिणे नेमके कितव्या वाक्यापासून फाइलसाठी उरले नाही, हे तो मनात पारखून पाहू लागला. खोटे एक अक्षर बोलायचे नव्हते. त्याचे पारखणे संपण्यापूर्वी पलीकडे फोन बंद झाला.

त्यानंतर वरून हकीकत येणे थांबले. तो लिही, उत्तर येत नसे. हयातीचा दाखला पाकिटातून आला, मोहोरेसकट, अगदी नियमाप्रमाणे, पण सोबत चिठ्ठीचा तुकडाही नव्हता. बातमी वहिनींकडून कळे. दाखला कशाला हवा, असे तिथल्या कारकुनाने विचारले तेव्हा तिने ‘नवऱ्याला शंका आहे’ असे उत्तर दिले म्हणे. वहिनींनी हसत सांगितले, आणि मग त्याचा चेहरा पाहून हसणे आवरले. “भाऊजी, तिच्याशी सरळ बोला की एकदा,” त्या म्हणाल्या. सरळ बोलणे म्हणजे नेमके काय, हे त्यांना विचारावेसे त्याला वाटले, पण तेही विचारले नाही.

आता अर्जात परवाना कमी आणि दुसरेच काहीतरी अधिक पणाला लागले होते. नकार आला तर वाट पाहता आली असती. पण ज्या घरी जायचे तिथल्या माणसाने आपल्याला खोटे ठरवले असेल, तर परवाना घेऊन जायचे कुणाकडे?

मुलाखतीची खोली लहान आणि अतिशय स्वच्छ होती. टेबलापलीकडे एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. कचेरी परक्यांची असली तरी बाई आपल्याच भाषेत बोलत होत्या, आणि त्यांच्या आवाजात रोज तेच ते ऐकणाऱ्या माणसाचा सावध थकवा होता. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांनी बायकोला जोडून घेतले. ती कामाच्या पांढऱ्या डगल्यात होती, केसांवर प्लास्टरची भुकटी होती, आणि मागच्या फळीवर जबड्यांचे साचे ओळीने हसत होते. ती मात्र हसत नव्हती. कित्येक दिवसांनी ती समोर होती आणि त्याला टेबलाच्या कडेवरून नजर वर नेता येत नव्हती.

“दाखला मिळाला,” बाई म्हणाल्या. “तुमच्या पत्नी हयात आहेत, हे कचेरीनं मान्य केलंय.”

त्याने मान डोलावली. पडद्यावर तिनेही डोलावली.

बाईंनी त्याचा व्यवसाय विचारला. त्याने सांगितला. पुढ्यातली पाने त्यांना नव्याने वाचावीशी वाटली असावीत, कारण त्या परत पहिल्या पानाकडे गेल्या. मजकूर का असा, हे मला आता कळले, असे त्या म्हणाल्या. पण त्यांची अडचण दुसरीच होती.

“मी रोज जोडप्यांच्या फाइली वाचते. ज्याला खरोखरच बायको आहे, त्याची एक तरी तक्रार असतेच. तुमच्या या सगळ्या पानांत तुमच्या पत्नीत एक दोष नाही. मनमिळाऊ, हसतमुख, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या. अशी बाई मी अजून पाहिलेली नाही. तुमची एखादी तक्रार असेल तर सांगा.”

आयुष्यभर तो माणसांचे दोष वगळून लिहीत आला होता. खिडकीशी येणाऱ्यांपैकी कुणी म्हणे, बाबा तापट होते, तर तो ‘करारी’ लिही. कुणी म्हणे, काकू फार बोलायच्या, तर ‘बोलका स्वभाव’. त्याच्या खणात तक्रारीचा शिक्का नव्हता. पडद्यावर ती हाताची घडी घालून वाट पाहत होती, आणि ती वाट पाहणे बाईंच्या वाट पाहण्यापेक्षा वेगळे आहे, हे त्याला टेबलाकडे पाहतानाही कळत होते.

“ती मजेत आहे असं लिहिते,” तो अखेर म्हणाला.

“हे कौतुक झालं. मी तक्रार विचारली.”

“तीच तक्रार आहे.” त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. “तिथे हवा स्वच्छ आहे, शेजारी सज्जन आहेत, देवाची कवळी पडली. सगळं छान. एकदाही लिहिलं नाही, की मला इथे करमत नाही. मी कपाचं लिहितो, खुंटीचं लिहितो, आणि ती मजेत असते. मला राग येतो त्याचा. ती मजेत आहे, हे मला अजिबात आवडत नाही.”

बोलून झाल्यावर त्याला भयंकर लाज वाटली. बायकोच्या सुखाची तक्रार करणारा नवरा म्हणून आपली नोंद आता सरकारी कागदावर होणार, असे त्याच्या मनात आले. पण पडद्यातून आवाज आला, आणि तो बाईंना उद्देशून नव्हता.

“मजेत कुठे आहे मी,” ती म्हणाली. “लिहिलं असतं तर तू रडत बसला असतास.”

“बसलो असतो.”

“मग? मी इथून काय करणार होते?”

“काही नाही. तूही रडली असतीस.”

तिने डगल्याच्या बाहीने नाक पुसले आणि बाहीवरचे प्लास्टर नाकाला लागले. बाई पेन हातात धरून बसल्या होत्या. मुलाखत आपल्या हातून निसटली आहे हे त्यांना कळत होते, पण ती परत घ्यायची घाई त्यांना दिसत नव्हती.

“ते फाइलसाठी होतं का?” तिने विचारले.

“हा प्रश्न खरं तर मी विचारायचा,” बाई म्हणाल्या. “पण विचारलाच आहे, तर उत्तर द्या.”

त्याने पहिल्यांदा पडद्याकडे पाहिले. “पहिलं पान फाइलसाठी. दुसरंही असेल. पुढची नाहीत. ती फाइलला लावायची मला लाज वाटत होती. पण माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.”

बाईंनी काहीतरी लिहिले, बराच वेळ लिहिले. मग कागद उलटा ठेवला आणि शेवटचे विचारले. तिथे गेल्यावर असेच लिहीत राहणार का? तो म्हणाला, नाही, समोर असल्यावर लिहिता येत नाही. मग बोलणार? त्याने खरे तेच सांगितले, की बहुधा गप्पच बसेन. बाईंनी पडद्याकडे पाहिले.

“चालेल तुम्हाला?”

“गप्प बसू दे,” ती म्हणाली. “पण इथे येऊन बसू दे.”

परवाना आला तेव्हा मामांनी पेढ्यांऐवजी एक सल्ला वाटला. ती मुलाखत त्यांनी त्याच्याकडून तीनदा ऐकली होती, आणि तेव्हापासून समोर येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला ते फाइलमध्ये एखादी तक्रार जोडायला सांगू लागले होते. जाहिरात विभागाने शोकमहर्षींना निरोप दिला, आणि निरोपाचा मजकूर त्यांच्याचकडून लिहून घेतला. वहिनींनी बॅग भरून दिली, पुन्हा उपसली, पुन्हा भरली, आणि आवाज शक्य तितका हळू करून म्हणाल्या, सांभाळा.

विमानात त्याने पहिल्या भेटीचे वाक्य तयार केले. ते सुंदर होते. आगमनाच्या दारातून बाहेर पडेपर्यंत ते त्याला पाठ होते, आणि ती दिसताच ते पार गेले. ती कठड्याशी उभी होती, गर्दीतून वाट काढत आली, आणि त्याच्या अगदी पुढ्यात येऊन थांबली. इतके दिवस फोनच्या पडद्यावर फक्त तिचा चेहरा येई. तो आता मान खाली घालून तिच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडून, पारखून न घेता, जे निघाले ते असे:

“तू एवढी बुटकी होतीस?”

तिने डोळे विस्फारले. मग त्याच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली, ती पेलवेना म्हणून परत त्याच्या हातात दिली, आणि म्हणाली, की बुटकी नाही, बूट सपाट आहेत, आणि तूच तिथे राहून उगाच वाढला आहेस. तो म्हणाला, या वयात कुणी वाढत नाही. ती म्हणाली, मग बायकासुद्धा आखडत नाहीत. बसथांब्यावर ती मुद्दाम फुटपाथच्या कडेवर चढून उभी राहिली, तरी तिचे डोके त्याच्या हनुवटीपर्यंतच आले. तिचे म्हणणे, पूर्वी कानापर्यंत यायचे. त्याचे म्हणणे, नाही. तो ठामपणे, न चाचरता, एकामागून एक दाखले देत गेला, आणि बस येऊन, दार उघडून, वाट पाहून निघून गेली तरी त्यांचे त्यावरून भांडण चाललेलेच होते.